खांबेटेबाईंची रोजची चूक

खांबेटेबाई भूगोल शिकवायला लागल्या की शनिवारवाड्यासमोरच्या टांग्यांचे घोडे कान टवकारून उभे राहायचे. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. निदान एका घोड्याचं तरी पाहिलंय, आणि तो घोडा काही माझ्यासारखा वाढवून सांगणाऱ्यांतला नव्हता.

त्या आवाजाला कारण होतं. बाईंचं सगळं आयुष्य कसब्यातल्या तांबट आळीत गेलं. खाली तांबटांची दुकानं, वर बाईंचं दोन खोल्यांचं बिऱ्हाड. सकाळी सातपासून दिवेलागणीपर्यंत खाली हंड्या-कळश्यांवर हातोडे पडत. त्या ठोकठोकीत स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत 'मीठ द्या' एवढं म्हणायचं झालं, तरी माणसाला भर सभेत बोलल्यासारखं बोलावं लागे. बाई तिथेच नवी नवरी होऊन आल्या, तिथेच यजमान गेले, तिथेच एक मुलगी वाढवली आणि तोच आवाज घेऊन कोपऱ्यावरच्या मुलींच्या शाळेत तीस-बत्तीस वर्षं शिकवलं. उंची पाच फुटांच्या आत. अंगावर सुती पाचवारी, काठ बोटभर. बारा महिने काखेत काळी छत्री. ती उघडलेली मी कधी पाहिली नाही. पाऊस आला की बाई आडोशाला उभ्या राहत, पण छत्री उघडत नसत, कारण ती नकाशावर गावं दाखवायची छत्री होती. तिच्या टोकानं इतकी वर्षं गावं दाखवली गेली की आमच्या शाळेच्या भारताच्या नकाशात नागपूरच्या जागी आरपार भोक पडलं होतं. पुढच्या पिढीतल्या मुलींना नागपूर म्हणजे भिंत दिसते ते, असंच वाटायचं.

मी त्या शाळेत पी. टी. शिकवायला लागलो तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. मुंढव्याहून सायकल हाणत यायचो. गळ्यात शिट्टी, अंगात तालमीची रग. शाळेचं मैदान म्हणजे माझ्या आठ ढांगांचं अंगण. पहिल्याच दिवशी त्या अंगणात उभं राहून मी जी शिट्टी फुंकली, तिनं बहुतेक लकडी पुलापर्यंतची रहदारी थांबली असेल. दुसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडली.

"कोण आहे ते?"

"मी जगताप. नवा पी. टी. मास्तर हाय."

"शिट्टी कुणासाठी?"

"मुलींसाठी, बाई."

"मुलींना ऐकू येतं. गुरं वळायची असतील तर आपल्या मळ्यात जाऊन वळा."

"आमचा मळा हाय हे कसं वळखलं तुम्ही?"

"सायकलला उसाचं वाढं अडकलंय. तेवढं काढा, म्हणजे शाळेत आल्यासारखे दिसाल."

खिडकी बंद झाली. ती शिट्टी मी खिशात घातली ती निवृत्त होईपर्यंत बाहेर काढली नाही. बाईंनी मला त्या दिवशी जे 'जगताप' म्हणून हाताशी धरलं, ते पुढे कायमचं. मळ्यातल्या शेंगा, हुरडा, मेथीच्या जुड्या मी त्यांच्या जिन्यावर पोचवायचो, आणि बाई दरवेळी त्यात काहीतरी खोट काढून मग ठेवून घ्यायच्या.

बाईंची शिकवण्याची एक तऱ्हा होती. ती मी तरी दुसरीकडे पाहिली नाही. वर्गात पाऊल टाकलं की त्या पहिलं वाक्य बोलत, "आज मी एक चूक करणार आहे. मुद्दाम. पकडेल तिला लाडू." आणि टेबलावर पितळेची एक छोटी डबी ठेवत. डबीत बेसनाचा एक लाडू. एकच.

मग तासभर बाई सरळ शिकवत, आणि त्यात कुठेतरी, अगदी बेमालूम, एक चूक सोडून देत. कृष्णा नदीला नेऊन अरबी समुद्रात सोडत. सासवडला खंडाळ्याच्या घाटात नेऊन ठेवत. इतरांच्या तासाला डुलक्या घेणाऱ्या मुली इथे उंदरावर टपलेल्या मांजरीसारख्या बसायच्या. कुणीतरी ताडकन उठायची, "बाई, चूक!" आणि बाई मान हलवून डबी पुढे करायच्या. कुणालाच चूक सापडली नाही, तर घंटेच्या आधी बाई वर्गासमोर उभ्या राहून तो लाडू स्वतः खात. सावकाश. बोटं चाटून. चाळीस मुली गिळत बसायच्या.

मी एकदा विचारलं, "बाई, हे चुकीचं शिकवायचं कशाला? सरळ शिकवा की."

"जगताप, 'हो' म्हणायला मुली घरीच शिकून येतात. 'नाही' म्हणायला त्यांना शाळेत यावं लागतं."

एकदा तपासणीला साहेब आले. वर्गात मागे खुर्ची टाकून बसले. बाईंनी रोजच्यासारखं, पण त्या दिवशी डबी न दाखवता, महाबळेश्वर उचलून समुद्रकाठी नेलं आणि तिथल्या कोळ्यांच्या होड्यांचं असं वर्णन केलं की मला दारात उभ्या उभ्या खारा वारा लागला. साहेब मान डोलावत वहीत 'उत्तम' लिहीत होते. तेवढ्यात शेवटच्या बाकावरची, कासाराची एक बारकी पोर उठली. "बाई, चूक! महाबळेश्वर डोंगरावर आहे. माझी मावशी पडली होती तिथे." बाईंनी पिशवीतून डबी काढली. "लाडू हिला," त्या म्हणाल्या, "आणि साहेबांना चहा द्या. ते समुद्रावरून दमून आलेत." साहेबांचा चेहरा असा झाला की मी पाठ फिरवून अंगणात गेलो आणि पाच मिनिटं एकट्यानंच उठाबशा काढल्या.

अशी जीभ. तिचा मार मजेचा असे, कारण तो बहुधा दुसऱ्याला बसायचा. पण ती एकदा जिथे पडायला नको होती तिथे पडली, आणि नेमका मी तिथे होतो.

बाईंची मुलगी वसू. तीही याच शाळेतली, माझ्या पी. टी.च्या तासाला दोरीवर अशी उड्या मारायची की मोजता मोजता माझे आकडे संपायचे. बाईंची चूक तिला सगळ्यांच्या आधी कळे, पण हात वर केला की बाई म्हणत, "तू बस. तुला घरी लाडू असतात." पुढे कॉलेजात गेली. शेवटच्या वर्षी, परीक्षा दोन महिन्यांवर असताना, तिनं धरणांच्या कामावरच्या एका इंजिनियराशी रजिस्टर लग्न केलं. मुलगा चांगला होता. जातीपातीचं बाईंना काही नव्हतं. राग होता तो अर्धवट सोडलेल्या परीक्षेचा.

मी शेंगांचं गाठोडं घेऊन जिन्याखाली सायकल लावत होतो. दोघं नमस्काराला आली होती. वसू निम्मा जिना चढली होती. बाई वर दारात आल्या आणि म्हणाल्या, "पदवी घेऊन ये, मग ही पायरी चढ."

वसू थांबली. एक पाय वरच्या पायरीवर होता, तो तिनं खाली घेतला आणि वळून उतरली. माझ्याजवळून जाताना "येते, सर" म्हणाली. बस्स.

मी वर धावलो. "बाई, बोलवा की! अजून गल्लीच्या तोंडाशीच असतील."

"माझी मुलगी आहे, जगताप. अभ्यास करेल आणि येईल."

नऊ वर्षं गेली. ना बाईंनी पत्र टाकलं, ना वसूनं. एकटा जावई काय तो दर दिवाळीला चार ओळी लिहायचा. मूल झाल्याचंही त्यानंच कळवलं. आणि नवव्या वर्षी, मार्चमध्ये, त्याचंच पत्र आलं. कावीळ झाली होती. तीन आठवड्यांत वसू गेली. दिवससुद्धा होऊन गेले होते.

बाई त्या दिवशी शाळेत आल्या. डबी टेबलावर ठेवली. "आज मी एक चूक करणार आहे," म्हणाल्या. मुलींनी तासभर कान देऊन ऐकलं, कुणाला काही सापडेना. घंटा झाली. बाईंनी लाडू खाल्ला नाही. डबी तशीच पिशवीत टाकली आणि त्या वर्गाबाहेर गेल्या. चूक कुठली होती, हे त्या मुलींना कळायचं काही कारणच नव्हतं.

जूनमध्ये जावई मुलीला घेऊन आला. रेणू. सात वर्षांची, आईसारखी लांब पायांची. आई गेल्या दिवसापासून तिनं तोंडातून शब्द काढला नव्हता. जावई जिन्याखालीच उभा राहिला. सहा फुटी माणूस, धरणाच्या भिंतीसारखा. बाई वरून म्हणाल्या, "वर या."

"नको," तो म्हणाला. "तिला चढायला मिळालं नाही, तर मी कसा चढू?"

मुलगी एकटीच कापडी पिशवी घेऊन जिना चढली. जावयानं खालूनच सांगितलं, "दिवाळीपर्यंत तुमच्याकडे ठेवतो. तिला धरणाच्या कामावरच्या छावणीत एकटी टाकता येत नाही मला. तोवर नाहीच बोलली, तर मुक्या मुलांची एक निवासी शाळा आहे, तिथे घालीन."

ज्या बाईंना उलट उत्तर द्यायला कधी श्वास घ्यावा लागला नव्हता, त्या नुसत्या "बरं" म्हणाल्या.

सदाशिव पेठेतल्या एका मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी घशात बॅटरी मारून सांगितलं, "घसा उत्तम आहे. बोलेल तेव्हा बोलेल."

"हे सांगायला ज्योतिषीही चालला असता," बाई म्हणाल्या आणि उठल्या.

मग त्यांनी आपलं एकच हत्यार बाहेर काढलं. घरात चुका करायला लागल्या. रोज एक नव्हे, दिवसाला वीस-वीस. चपला उलट्या पायांत घालायच्या. आमटीत साखर ओतायची. मंडईत जायचं म्हणून नातीचा हात धरून निघायचं आणि तिला नेऊन नदीवर उभं करायचं. "अगंबाई, मंडई कुठे गेली?" असं त्या काठावर उभ्या राहून त्यांच्या आवाजात म्हणाल्या, तेव्हा पलीकडच्या काठावरचे धोबी मंडई शोधायला लागले म्हणतात. रेणूनं काय करावं? ती बाईंचा पदर धरायची, त्यांना वळवायची आणि बरोब्बर मंडईत आणून सोडायची. साखरेची आमटी मुकाट्यानं मोरीत ओतायची. वाकून चपला अदलून द्यायची. सगळ्या चुका दुरुस्त. तोंडातून अक्षर नाही.

ऑगस्टमध्ये बाईंनी मला शिक्षकांच्या खोलीत कोपऱ्यात गाठलं.

"जगताप, तुम्ही थापा मारता."

"छे हो, बाई, कधीमधी जरा..."

"तुम्ही सकाळी उठल्यापासून थापा मारता. आजवर त्याचा कुणाला उपयोग झाला नाही. आता होईल. रोज पाच वाजता माझ्याकडे यायचं आणि माझ्या नातीसमोर बसून जेवढ्या जमतील तेवढ्या मारायच्या. तिला 'खोटं' म्हणावंसं वाटलं पाहिजे."

एवढा मानाचा हुकूम मला आयुष्यात मिळाला नव्हता. मी पणाला लावलं सगळं. आमच्या मळ्यातल्या भोपळ्यात दोन गावांची पंचायत भरल्याचं सांगितलं. भांडण मिटेना तेव्हा बाहेरून देठ लावून घेतला, मग मिटलं. आमची म्हैस रोज एकटीच मंडईत जाऊन स्वतःचं दूध विकायची आणि येताना पेंड घेऊन यायची, हे सांगितलं. पेंड वाईट लागली तर परत करायला जायची, हेही. रेणू दारात गुडघे पोटाशी घेऊन बसायची. हसायची! खांदे गदगदा हलायचे, डोळ्यांत पाणी यायचं, फ्रॉकचा काठ तोंडात कोंबायची. पण आवाज नाही. आवाज नसलेलं हसू समोर बघत बसणं, हे मी अंगावर घेतलेलं सगळ्यांत जड काम. शंभर जोर त्यापुढे काहीच नाहीत.

आळीतही सगळ्यांना कळलं होतं. खालचे रामभाऊ तांबट म्हातारे, हातोड्याशिवाय त्यांचा हात कुणी पाहिला नव्हता. ते एक दिवस वर आले आणि म्हणाले, "बाई, पाच ते साडेपाच आम्ही हात थांबवत जाऊ. पोर बोलली आणि ठोकण्यात ऐकू नाही आलं, असं नको व्हायला." आणि खरंच, पाच वाजले की आख्खी तांबट आळी चूप. पूर्वी कधी तरी सुतकात थांबली असेल तेवढीच. यातलं मी काहीही वाढवलेलं नाही. वाढवायला जागाच नाही.

नवरात्र गेलं. दसरा गेला. बाईंचा आवाज बसत चालला. वर्गातल्या शेवटच्या बाकाला ऐकू येईना. मला एकदा म्हणाल्या, "तुमच्या थापा कमी पडताहेत, जगताप." मला लागलं. पण त्या मला बोलतच नव्हत्या.

धनत्रयोदशीला येतो, तयारी करून ठेवा, असं जावयाचं पत्र आलं तेव्हा आठ दिवस उरले होते. मी पाचला गेलो. आळी थांबली होती. बाई चुलीपुढे बसून कढईत बेसन भाजत होत्या. रेणू नेहमीच्या जागी, दारात, आमच्याकडे पाठ करून खाली रस्त्याकडे बघत होती. मी भोपळा सुरू करणार, तर बाईंनी हात वर केला.

"राहू द्या. आज नको."

त्या कलथा फिरवत राहिल्या. मग माझ्याकडे न बघता, अगदी हळू आवाजात, बाईंना हळू बोलता येतं हेच मला माहीत नव्हतं, बोलायला लागल्या. त्या जून महिन्यापासून त्या घरात वसूचं नाव उच्चारलं गेलं नव्हतं. पोरीला त्रास होईल म्हणून नाही. बाईंना होईल म्हणून.

"पोरीचं काही चुकत नाहीये. ती का बोलेल माझ्याशी? वसू माझ्यावर रागावून गेली ती गेली. नऊ वर्षांत तिनं माझं नाव काढलं नाही. ज्या घरात आजीचं नावच कधी निघालं नाही, त्या घरातली पोर आजीला काय ओळखणार? मी कोण तिची?"

"चूक."

मला वाटलं खालून कुणी बोललं. बाईंच्या हातातला कलथा कढईत तसाच उभा राहिला.

रेणू वळून बसली होती. आवाज घोगरा, गंजलेल्या कडीसारखा. "चूक," ती परत म्हणाली. "आई रोज काढायची."

मी तर श्वासच घेतला नाही. रामभाऊ पुढे सांगायचे की माझा श्वास थांबलेला त्यांना खाली ऐकू आला.

"रोज झोपायच्या आधी आई एक चूक सांगायची. मुद्दाम. मी पकडायची. मग लाडू. लाडू नसला तर खडीसाखर. म्हणायची, तुझी आजी असं शिकवते."

"तुला माहीत होतं हे?" बाई म्हणाल्या. "मग मी एवढ्या चुका केल्या, तेव्हा का नाही..."

"त्या मुद्दामच्या होत्या," रेणू म्हणाली. "त्या आईच्या आणि माझ्या होत्या. ही खरी होती."

बाईंनी कढईकडे पाहिलं. बेसन काळं पडायला लागलं होतं. वास सुटला होता. कुणी कढई उतरवली नाही.

"आणि ती पुस्तकं आणणार होती ना," पोर पुढे बोलायला लागली. सात महिन्यांचं साठलेलं होतं, आता थांबणार नव्हतं. "आणलीपण होती. बाबांनी पार्सलनी मागवली. जाड जाड. परीक्षेचा फॉर्म भरला होता आईनी. पास झाले की आजीकडे जायचं, म्हणायची. मी विचारलं, नापास झालीस तर? तर म्हणाली, मग परत बसायचं, पण जायचं पास होऊनच. आजीनं सांगितलंय तसं. मग ती आजारी पडली."

मी उठलो. खरं तर असल्या वेळी माणसानं उठून जावं, पण माझे पाय मला खाली घेऊन जाईनात. बाई जमिनीवर बसल्या होत्या, हात मांडीवर, तळवे वर. त्यांचं ते एक वाक्य वसूनं नऊ वर्षं कसं पाळलं, ते त्यांना आता दिसत होतं. रडतील असं वाटलं. त्या रडल्या नाहीत. सरकत सरकत दारापर्यंत गेल्या, रेणूसमोर बसल्या, आणि वर्गात शेवटच्या बाकावरच्या मुलीला विचारतात तसं विचारलं, "आणखी काय काय चुकलं माझं? सांग."

बाई वसूबद्दल एकेक सांगत गेल्या आणि रेणू दुरुस्त करत गेली. वसूला कारल्याची भाजी आवडत नाही असं बाई समजत होत्या, ते चूक. वसूनं चित्रं काढायचं सोडलं असेल, ते चूक. वसूला थंडी वाजत नाही, ते चूक. एकेक. साडेपाच वाजले. पावणेसहा. सहा. आळीत दिवे लागले. एकाही दुकानातून हातोडा पडला नाही. मी खाली उतरलो तर जिन्याखाली रामभाऊ आणि चार-पाच तांबट भिंतीला टेकून उभे होते. कुणी मला काही विचारलं नाही. मीही, आयुष्यात पहिल्यांदाच, काही सांगितलं नाही.

त्या वर्षी खांबेटेबाईंकडे बेसनाचे लाडू झाले नाहीत.

धनत्रयोदशीला जावई आला. तो जिन्याखाली पोचायच्या आतच रेणू धावत खाली गेली आणि, "बाबा, तुम्ही उशिरा आलात, आमचं उटणं कुटून झालं," असं एका दमात म्हणाली. तो सहा फुटी माणूस पहिल्या पायरीवर मटकन बसला आणि गुडघ्यांत तोंड घालून रडायला लागला. बाई वरून म्हणाल्या, "जावईबापू, पायरी बसायला नसते. वर या." तो उठला आणि एकेक पायरी चढत वर गेला. रेणू राहिली ती पुण्यातच. त्या निवासी शाळेचा विषय परत निघाला नाही.

त्यानंतर बाईंची जीभ बोथट झाली असं म्हणाल, तर मुळीच नाही. फरक पडला तो एवढाच. कुणी त्यांच्याकडून दुखावून निघालं, की बाई त्याच्या मागोमाग जिना उतरत. गुडघे दुखत असतानाही उतरत. एकदा स्नेहसंमेलनात मी लेझीमच्या मुलींना भलत्या दारानं रंगमंचावर आणलं आणि मुख्याध्यापकांच्या अंगावर पडदा पाडला. बाई मला सगळ्यांदेखत म्हणाल्या, "जगताप, तुम्ही गाढव आहात." मी सायकल काढली आणि तडक मुंढव्याच्या रस्त्याला लागलो. कुंभारवेशीपाशी चेन पडली म्हणून थांबलो, तर मागून छत्री टेकत बाई येताना दिसल्या. धापा टाकत होत्या. चेहरा लाल.

"जगताप," त्या म्हणाल्या, "मगाचं वाक्य मी परत घेते. रागानं असं कुणाला घालवू नये."

मला भरून आलं. "नाही हो, बाई, चूक माझीच..."

"चूक तुमचीच होती. आणि गाढवही तुम्हीच आहात. पण ते उद्या शाळेत या, मग सांगेन."

बाई निवृत्त झाल्या, मग मीही झालो. मुंढव्याचा मळा शहरानं गिळला. जिथे माझी म्हैस चरायची तिथे आता पोरं काचेच्या इमारतीत बसून अमेरिकेशी बोलतात. तांबट आळीतले हातोडेही बरेच थंडावले. बाईंची गाठ पडायची ती सणासुदीला, मग दोन-तीन वर्षांतून एकदा. रेणू वकील झाली. म्हणजे जन्मभर दुसऱ्याच्या चुका काढण्याचा परवानाच मिळाला तिला. ती कोर्टात बोलायला उभी राहिली की न्यायाधीश साहेब घड्याळ काढून ठेवतात, असं माझ्या कानावर आहे. त्यातलं निम्मं मीच पसरवलेलं आहे.

शेवटचं पाहिलं ते मंडईत. बाई ऐंशीच्या पुढे गेल्या होत्या. सकाळी दहाचा सुमार, माणसांचा महापूर. मी गवार बघत होतो. पलीकडच्या ओट्यापाशी रेणू एका भाजीवालीशी वांग्यांवरून वाद घालत होती. आवाज कुणाचा घेतला होता ते मला कुणी सांगायला नको. "मावशी, ही वांगी कालची आहेत. नाही, तुम्ही मला नका सांगू, देठ बघा देठ. आणि हे वरचं तेवढं ताजं, खालची सगळी..." भाजीवालीही काही कमी नव्हती. दोघींच्या आवाजानं आजूबाजूचे ओटे थांबून ऐकत होते.

बाई शेजारी उभ्या होत्या. पार वाकलेल्या, हातात पिशवीचा एक बंद. कुठल्याही बाजूनं एक शब्द बोलत नव्हत्या. डोळे मिटलेले. मान एका बाजूला कललेली. अशी कललेली मान मी बड्या गवयाच्या मैफलीत पाहिली आहे, भाजीच्या ओट्यापुढे नाही.

मी गर्दीतून वाट काढत पोचलो आणि माझ्या सवयीनं मोठ्यांदा म्हणालो, "काय बाई! ओळखलं का?"

बाईंनी डोळे उघडले. मला ओळखलं, हे नजरेतच दिसलं. त्यांनी बोट उचललं आणि स्वतःच्या ओठांवर ठेवलं. मग परत डोळे मिटले.

मी तिथेच उभा राहिलो. रेणू बोलत होती.